निळ्या जेरॅनियमच्या दोन जाती: एक जमिनीखालून चालते, दुसरी जमिनीवरून

इंग्लंडात घर घेतलं की घरामागे चिकणमातीचा एक तुकडा मिळतो आणि त्याला बाग म्हणायची पद्धत आहे. आमच्या तुकड्यात गवत आणि झोपाळ्याची गंजकी चौकट एवढंच होतं. शेजारच्या आजींनी कुंपणावरून सल्ला दिला, "जेरॅनियम लाव, ते मरत नाही." मी मे महिन्यात रोपवाटिकेत गेले आणि दोन कुंड्या उचलून आणल्या. दोन्हींवर निळ्या फुलाचा फोटो, दोन्हींवर 'बहुवर्षायू, थंडीत टिकणारं' असा शेरा. खाली बारीक अक्षरात एकीवर हिमालयेन्से आणि दुसरीवर वालिचिॲनम असं छापलं होतं, ते मी वाचलंही नाही. निळं ते निळं.

पुढच्या एप्रिलात त्यातलं एक हातभर रुंद झालं होतं. दुसऱ्याच्या जागी नुसती माती. गेलं असं समजून मी तिथे फावडं घातलं, तर फावड्याबरोबर उभा चिरलेला एक जाडसर बुंधा वर आला आणि त्यावर मोहरीएवढे लालसर कोंब. ते मेलं नव्हतं, झोपलं होतं. मारलं मी.

ते फावडं घालण्याआधी जे कोणी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. हे ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स, कॅनडा किंवा अमेरिकेच्या थंड भागात नव्याने बाग करणाऱ्यांसाठी आहे. शिमला-मसुरीकडे घर असेल तर तुम्हालाही. पुण्या-नाशिकच्या गच्चीवर मात्र यांच्या वाटेला जाऊ नका. दोन्ही जाती हिमालयाच्या आहेत, त्यांना खरा हिवाळा लागतो आणि आपला एप्रिल-मे सोसत नाही. ऑनलाइन बी मिळतं म्हणून मागवाल आणि चार पानं बघून समाधान मानाल.

आधी जेरॅनियम कुठलं ते ठरवा

महाराष्ट्रात अलीकडे 'जिरेनियमची शेती' हा शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. पाल्यापासून सुगंधी तेल काढतात, ते पीक. ते झाड जेरॅनियम नव्हे, पेलार्गोनियम आहे. युरोपात घराघरांच्या खिडक्यांखाली लाल फुलांच्या कुंड्या लटकतात, तेही पेलार्गोनियमच. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसने १७५३ साली दोन्ही एकाच खात्यात टाकली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने १७८९ साली त्यांची फाळणी केली, पण बाजाराने ती मानली नाही. म्हणून आजही दुकानात 'जेरॅनियम' मागितलं की भलतंच झाड हातात येतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या कडक रात्री काळं पडतं.

ओळख सोपी आहे. पेलार्गोनियमच्या फुलात वरच्या दोन पाकळ्या आणि खालच्या तीन यांत फरक असतो. खऱ्या जेरॅनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या, बशीत मांडल्यासारख्या. नावं पक्ष्यांची आहेत: ग्रीक भाषेत गेरानोस म्हणजे क्रौंच, पेलार्गोस म्हणजे करकोचा. याच घराण्यातलं तिसरं एरोडियम, ते बगळ्यावरून. तिघांनाही लांब चोचीचं फळ येतं, त्यामुळे नावं ठेवणाऱ्याने फारसं डोकं चालवलं नाही असं म्हणता येईल.

आता आपल्या दोघांकडे वळू. एक जेरॅनियम हिमालयेन्से. दुसरं जेरॅनियम वालिचिॲनम, त्याला मी पुढे नुसतं वालिच म्हणेन. नॅथॅनिएल वालिच हा कोपनहेगनचा डॉक्टर १८०७ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत आला आणि पुढे कित्येक वर्षं कोलकात्याच्या शिबपूर वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. हिमालयातल्या बऱ्याच झाडांना त्याचं नाव चिकटलं आहे, त्यातलंच हे एक.

पायरी १: फुलाकडे न बघता बुंध्याकडे बघा

नवखा माणूस फूल बघतो. दुकानदारही फूलच दाखवतो. पण या दोन जातींचं निळं फूल फोटोत जवळपास सारखं येतं, शिवाय मोबाइलचा कॅमेरा निळा-जांभळा रंग स्वतःच्या मर्जीने बदलतो. दोघांतला खरा फरक मातीजवळ आहे. कुठे लावायचं, कात्री कधी चालवायची, रोपं कशी वाढवायची, हे सगळं त्या एका फरकावरून ठरतं. म्हणून कुंडीतलं झाड हाताने बाजूला सारा आणि खाली वाका.

हिमालयेन्सेची खोडं जमिनीखालून आडवी सरकतात. हळद-आल्याची आठवण ठेवा, फक्त ही खोडं बारीक, पेन्सिलीपेक्षाही सडसडीत. वीतभर पुढे जाऊन ती पुन्हा डोकं वर काढतात. त्यामुळे कुंडीत एकच बुडखा दिसत नाही, मातीतून पाच-सात ठिकाणांहून लांब देठांची पानं थेट वर आलेली दिसतात. पान उपटायला गेलात तर देठ मातीच्या आत कुठेतरी गेलेला असतो.

वालिचचं तसं नाही. त्याला एकच घट्ट बुंधा असतो आणि सगळ्या फांद्या तिथूनच निघून चहूकडे लोळतात. भोपळ्याचा वेल डोळ्यासमोर आणा: मूळ एका जागी आणि पसारा चार हात लांब. दुसरी महत्त्वाची गोष्ट, हा वेल रताळ्यासारखा पेरापेराला मुळं धरत नाही. फांदी कितीही लांब गेली तरी जेवते घरीच. पेरांवर मुळं धरणारा याचा एक हिमालयी भाऊबंद आहे, जेरॅनियम प्रोकरेन्स. तो मात्र एकदा बागेत शिरला की शेजारच्यांची जागाही बळकावतो. वालिच म्हणून आणलेलं रोप शरद ऋतूत पेरांवर पांढरी मुळं सोडताना दिसलं तर लेबल चुकलं आहे असं समजा.

पायरी २: पानाच्या बगलेत बघा

फांदीला जिथे पान जोडलेलं असतं, तिथे दोन बाजूंना चिमुकली पानासारखी अंगं असतात. त्यांना उपपर्णं म्हणतात. गुलाबाच्या देठाशी असतात तीच. शाळेत आकृती काढून विसरलेला हा शब्द इथे कामाला येतो.

वालिचच्या फांदीवर समोरासमोर दोन पानं असतात. त्यांची उपपर्णं एकमेकांना चिकटून मोठी, रुंद, टोकाला गोलसर अशी जोडी तयार होते, जणू सांध्याला कोणी हिरव्या कागदाची कॉलर बसवली आहे. बोटाच्या नखाएवढी किंवा थोडी मोठी. एकदा बघितलीत की पुन्हा चुकणार नाही. हिमालयेन्सेची उपपर्णं अरुंद, टोकदार आणि सुटी, शोधावी लागतात. फूल नसताना, पाऊस पडत असताना, लेबल हरवलेलं असताना, कुठल्याही वेळी ही खूण चालते. मी आता रोपवाटिकेत गेले की फुलाकडे न बघता सांध्यापाशी बोट घालते. नवरा लांब जाऊन उभा राहतो.

पानातही फरक आहे. हिमालयेन्सेचं तळाचं पान मोठं, तळहाताहून रुंद, बहुधा सात भागांत चिरलेलं. वालिचचं पान लहान, तीन किंवा पाच भागांचं, किंचित सुरकुतलेलं, आणि त्यावर फिकट हिरव्या रंगाची ढगाळ नक्षी. पण सावलीत ही नक्षी पुसट होते, म्हणून नुसत्या पानावर विसंबू नका.

पायरी ३: आता फूल

हिमालयेन्सेचं फूल मोठं, ४ ते ६ सेंटिमीटर, उथळ वाटीसारखं. रंग गडद निळा, पाकळीच्या बुडाशी जांभळट-लाल झाक आणि मधे अगदी थोडा पांढुरका भाग. पाकळ्यांच्या कडा गोल आणि अखंड. जुन्या लेबलांवर हेच झाड ग्रँडिफ्लोरम किंवा मीबोल्डी या नावांनी सापडतं. म्हणजे ग्रँडिफ्लोरम वेगळं असेल म्हणून पुन्हा पैसे घालवू नका. याचं 'ग्रेव्हटाय' नावाचं वाण प्रसिद्ध आहे, जरा ठेंगणं आणि आणखी मोठ्या फुलाचं. ससेक्समधल्या ग्रेव्हटाय मॅनर या, बागकामावर लिहिणाऱ्या विल्यम रॉबिन्सनच्या घराचं ते नाव. दुहेरी पाकळ्यांचं 'प्लेनम' आहे, ते मला आवडत नाही. निळ्या फुलाच्या शिरा बघायच्या असतात, आणि पाकळ्यांची गर्दी झाली की त्या झाकून जातात. तुम्हाला आवडलं तर जरूर लावा.

वालिचचं फूल लहान, साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटर. पाकळीच्या टोकाला मधोमध खाच असते. आणि फुलाच्या मधोमध बघा: पुंकेसरांचे तंतू आणि कुक्षी (मधल्या स्त्रीकेसराचं टोक) काळपट-जांभळी, काजळ लावल्यासारखी. बाकी रंग कितीही बदलला तरी हे काजळ जात नाही. भिंग असेल तर आणखी एक गंमत दिसते. फूल उमलल्यावर पहिला मान पुंकेसरांचा, परागकण तेव्हाच सुटतात. कुक्षीच्या पाच शाखा तोवर मिटलेल्या असतात, त्या नंतर चांदणीसारख्या उघडतात. म्हणून एकाच फांदीवरची दोन फुलं वेगवेगळी दिसली तर गोंधळू नका, एक कालचं आहे आणि एक आजचं.

बाजारात वालिच म्हणून बहुतेक वेळा 'बक्स्टन्स व्हरायटी' मिळतं, काही जण त्याला 'बक्स्टन्स ब्लू' म्हणतात. आभाळी निळं, मधे मोठा पांढरा डोळा आणि गडद शिरा. वेल्समधल्या बेटिस-ई-कोएड या गावी बक्स्टन नावाच्या गृहस्थांच्या बागेत १९२० च्या सुमारास ते पुढे आलं. रानातलं वालिच इतकं निळं नसतंच. ते गुलाबी-जांभळं, कधी फिकट, कधी वांग्याच्या सालीकडे झुकणारं.

हे रानातलं वालिच आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नकळत बघितलेलं असतं. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातून गटच्या गट जातात. मीही लग्नाआधी गेले होते. घांगरियाहून सकाळी निघालो तो पाऊस चालूच, रेनकोटच्या आत घाम आणि बाहेर पाणी. गाईड ब्रह्मकमळाबद्दल बोलत होता आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना हे जांभळट फूल दुसऱ्या झुडपांच्या खांद्यावर मान टाकून उभं होतं. मी फोटोही काढला होता, खाली 'रानफूल' एवढंच लिहिलेलं. वीस वर्षांनी तो फोटो मोठा करून बघितला, तर पाकळीला खाच आणि मधे काजळ. स्थानिक लोक याला रतनजोत म्हणतात असं काही ठिकाणी वाचायला मिळेल, पण रतनजोत हे नाव आणखी दोन-तीन अगदी वेगळ्या झाडांनाही आहे, तेव्हा त्या नावावर औषधबिषध करायला जाऊ नका.

त्या पावसाळी वाटेची आठवण बागकामात उपयोगी पडते. वालिच हे झुडपांच्या आणि जंगलाच्या कडेचं, पावसाळ्यात फुलणारं झाड आहे. हिमालयेन्सेही झुडपांत सापडतं, पण उघड्या उतारांवरही बिनधास्त वाढतं आणि अफगाणिस्तानापासून मध्य नेपाळपर्यंत पसरलेलं आहे. कोणाला किती ऊन आणि किती पाणी, याचं उत्तर इथेच मिळतं.

पायरी ४: दोघांचं वर्ष वेगळं चालतं

ब्रिटनचं वेळापत्रक सांगते, तुमच्याकडे दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे होईल.

मार्च-एप्रिलमध्ये हिमालयेन्से मातीतून मुठी वर काढतं, पानांच्या घड्या उलगडतात, महिन्याभरात जमीन झाकून टाकतं. वालिचचा पत्ता नसतो. एप्रिल उलटत आला तरी माती मोकळीच दिसते. हाच तो काळ, जेव्हा नवखी माणसं फावडं घेऊन बाहेर पडतात. त्यासाठी उपाय अगदी साधा: शरद ऋतूत फांद्या सुकायला लागल्या की बुंध्याच्या शेजारी बांबूची जाड काठी रोवा. पातळ काडी नको, ती वाऱ्याने जाते. आणि प्लॅस्टिकच्या लेबलावर शिसपेन्सिलीने लिहा. मार्करची शाई उन्हापावसात उडते, पेन्सिल वर्षानुवर्षं राहते.

जूनमध्ये हिमालयेन्से एकदम पेटतं. तीन-चार आठवडे असं फुलतं की पानं दिसत नाहीत. जुलैत दमतं, पिवळट आणि विस्कटलेलं होतं. नंतर अधूनमधून एखादं फूल. नेमक्या त्याच वेळी वालिच सुरू होतं आणि ऑक्टोबरपर्यंत, पहिलं कडक दंव पडेपर्यंत चालतं. एकदम भडका नाही, रोज थोडं थोडं. आपल्याकडचे सण संपत आले, दिवाळीच्या फराळाची पार्सलं निघाली, तरी याची शेवटची फुलं असतात. आणि तीच सर्वांत निळी. उकाड्यात 'बक्स्टन्स'चा निळा रंग जांभळटाकडे सरकतो, गारवा आला की पुन्हा स्वच्छ होतो. जुलैच्या उष्ण आठवड्यात विकत आणलेलं रोप जांभळट दिसलं म्हणून लगेच फसवलं गेल्याची तक्रार करू नका, सप्टेंबरपर्यंत थांबा.

पायरी ५: जागा आणि लागवड

हिमालयेन्सेला ऊन चालतं, अर्धी सावली चालते, चिकणमाती चालते. एका जागी पाणी तुंबणं तेवढं चालत नाही. दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा, दोन-तीन वर्षांत ती एकमेकांना भेटतात. गुलाबाच्या ताटव्याखाली, सफरचंदाच्या झाडाखाली, घराच्या कडेच्या नको असलेल्या पट्ट्यात हे उत्तम. तण वर येऊ देत नाही. पण नाजूक, छोट्या झाडांच्या मधे लावू नका, ते खालून येऊन त्यांच्या मुळांत शिरतं आणि मग सोडवता सोडवत नाही.

वालिचला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्या. पूर्ण ऊनही सोसतं, मात्र माती ओलसर असली तर. लावताना खड्ड्यात पानांचं कुजलेलं खत भरपूर घाला. आमच्यासारखी चिकणमाती असेल तर त्यात जाड वाळूही मिसळा, कारण उन्हाळ्यात ओल हवी असली तरी हिवाळाभर बुंधा चिखलात बसला तर कुजतो. अंतर ६० ते ९० सेंटिमीटर. आणि शेजारी ठरवून द्या. एकटं लावलं तर ते जमिनीवर लोळतं, छान दिसतं, पण त्याची खरी मजा दुसऱ्याच्या अंगावर चढण्यात आहे. माझ्याकडे ते लवकर फुलून संपणाऱ्या एका ठेंगण्या गुलाबाच्या पायाशी आहे. ऑगस्टमध्ये गुलाबाच्या काटेरी फांद्यांतून निळी फुलं डोकावतात, आणि पाहुण्यांना वाटतं गुलाबच निळा झाला.

दोन्ही जातींना पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी घाला. रोज थोडं शिंपडू नका, त्याने मुळं वरच्या वर राहतात. गोगलगायी यांना फारसं छळत नाहीत, आणि इंग्लंडात बाग करायची तर हा केवढा दिलासा आहे ते तुम्हाला पहिल्याच वर्षी कळेल. फार कोरडं पडलं तर पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, येते. ती पानं कापून टाका.

पायरी ६: कात्री

माझी दुसरी चूक इथली. पहिलं वालिच मारल्यावर मी नवीन आणलं, काठी रोवली, सगळं नीट केलं. मग कुठेतरी वाचलं, 'जेरॅनियमचा जूनचा बहर ओसरला की जमिनीलगत छाटा, नवी पानं येतात.' जुलैच्या पहिल्या रविवारी मी हातात मोठी कात्री घेऊन दोन्ही छाटली. हिमालयेन्से दोन आठवड्यांत ताज्या पानांनी भरलं. वालिचच्या कापलेल्या फांद्या गोळा करताना बघते तर प्रत्येकीच्या टोकाला कळ्यांची जोडी, हिरव्या, केसाळ, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. बहर ओसरला नव्हता, यायचा होता. त्या वर्षी सप्टेंबरअखेर जेमतेम दहा फुलं आली.

सल्ला खोटा नव्हता, तो हिमालयेन्सेसारख्यांसाठी होता. ज्याची खोडं जमिनीखाली आहेत, त्याचं वरचं सगळं कापलं तरी भांडवल खाली शाबूत असतं, आणि त्याचा हंगामही तेव्हा संपलेला असतो. ज्याच्या फांद्या हाच सगळा वर्षाचा संसार आहे, त्याला मध्येच छाटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा जुलैत हिमालयेन्से निर्धास्त छाटा, दोन-तीन इंच ठेवून सगळं, आणि वर बादलीभर पाणी घाला. वालिचला हात लावू नका. त्याच्या सुकलेल्या काटक्या हिवाळा संपताना काढा, कोंब यायच्या आधी. ओढू मात्र नका, कापा. ओढल्याने बुंध्यावरचा डोळा निघून येतो.

पायरी ७: एकाची चार करायची तर

हिमालयेन्सेचं काम सोपं आहे. मार्चमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कडेला फावडं घाला, एक ढेकूळ उचला, हाताने सोडवा. ज्या तुकड्याला मूळ आणि कोंब दोन्ही आहेत तो जगतो. मराठी मंडळाच्या कोजागरीला मी एकदा अशा बारा पिशव्या वाटल्या. त्यातल्या निम्म्या तरी आता कुणाकुणाच्या बागेत वाढत असतील, उरलेल्या गाडीच्या डिकीत गेल्या असाव्यात.

वालिच असं फुटत नाही. एकच बुंधा, त्याचे दोन भाग करायला गेलात तर दोन्ही गमावण्याची शक्यता जास्त. वसंतात बुडातून निघालेले कोवळे कोंब बुंध्याच्या चिमूटभर तुकड्यासकट कापून लावता येतात, पण नवख्या माणसाने बियांच्या वाटेने जावं.

बी गोळा करणं हा एक खेळच आहे. लहानपणी तेरड्याची पिकलेली बोंडं चिमटीत धरून फोडली असतील, तीच जात समजा. फूल गळल्यावर मधली चोच लांबते, खाली पाच खणांत पाच बिया. वाळताना त्या चोचीच्या पाच पट्ट्या स्प्रिंगसारख्या वर वळतात आणि बी दूर भिरकावतात. तुम्ही कामावरून येईपर्यंत सगळं उडून गेलेलं असतं. त्यामुळे चोच हिरव्याची तपकिरी व्हायला लागली की तिच्यावर मलमलीची छोटी पिशवी बांधा. मी दह्याचा चक्का बांधायचं जुनं फडकं कापून शिवल्या आहेत. बियांची साल कडक असते. बारीक पॉलिश पेपरवर एकदा घासून, शरद ऋतूतच कुंडीत पेरा आणि कुंडी बाहेर थंडीत ठेवा. वर जाळी टाका, नाहीतर खारी उकरतात. वसंतात रोपं येतात आणि बहुतेक दुसऱ्या वर्षी फुलतात.

'बक्स्टन्स'च्या बियांपासून येणारी रोपं बरीचशी आईवर जातात, पण सगळी नाही. पांढरा डोळा कधी मोठा, कधी नावापुरता, रंग कधी निळा, कधी मळकट जांभळा. म्हणूनच या नावाने विकली जाणारी सगळी रोपं सारखी नसतात. पहिलं फूल येऊ द्या, मग चांगली ठेवा आणि बाकीची कुंपणाकडे हलवा. फोटो बघून मागवण्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फूल उघडं असताना स्वतः जाऊन निवडणं सर्वांत उत्तम.

दोघांचं लेकरू

आता तुम्ही दुकानात जाल आणि दुकानदार म्हणेल, हे दोन्ही कशाला, 'रोझान' घ्या. त्याचं ऐकण्याआधी हे माहीत असू द्या की रोझान हे याच दोघांचं लेकरू आहे. सॉमरसेटमधल्या किल्व्ह गावी डोनाल्ड आणि रोझान वॉटरर या दांपत्याच्या बागेत १९८९ साली ते आपोआप उगवलेलं सापडलं: हिमालयेन्से आणि 'बक्स्टन्स' यांचा संकर. ब्लूम्स ऑफ ब्रेसिंगहॅम या रोपवाटिकेने २००० साली ते बाजारात आणलं. २००८ साली अमेरिकेत त्याला त्या वर्षाचं बहुवर्षायू रोप म्हणून निवडलं, आणि २०१३ साली लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनाला शंभर वर्षं झाली तेव्हा शतकाचं रोप हा मानही त्यालाच मिळाला.

वर शिकलेल्या खुणा त्याच्यावर लावून बघा, मजा येते. फुलाचा आकार हिमालयेन्सेकडून आला. पांढरा डोळा, पानावरची ढगाळ नक्षी आणि लोळणाऱ्या फांद्या वालिचकडून. बहर जूनमध्ये आईच्या वेळेला सुरू होतो आणि बापाच्या वेळेला संपतो, किंवा उलट म्हणा. बी धरत नाही, म्हणून फुलत राहतं. एकच रोप लावण्यापुरती जागा असेल तर मीही तुम्हाला तेच लावायला सांगेन, उगाच हट्ट नाही. पण ते पसरतं वालिचसारखं, जमिनीवरून. झाडाखालची मोकळी जमीन झाकायची असेल तर ते काम त्याच्याने होत नाही, हिवाळ्यात बुंध्यापर्यंत आटतं आणि तण मोकळं रान समजून येतं. तिथे खालून पसरणारं आणि वसंतात लवकर जमीन झाकणारं हिमालयेन्सेच हवं.

दुसरं नाव कानावर पडेल ते 'जॉन्सन्स ब्लू'. तेही हिमालयेन्सेचंच लेकरू, पण दुसरं पालक आहे जेरॅनियम प्रॅटेन्स, युरोपच्या कुरणांतलं उंच, ताठ झाड. तेही बी धरत नाही. दुकानांत हिमालयेन्से आणि 'जॉन्सन्स ब्लू' यांची सर्रास अदलाबदल होते. पानं जास्त खोलवर चिरलेली आणि फांद्या उंच जाऊन जूनच्या पावसात आडव्या पडणाऱ्या असतील तर ते 'जॉन्सन्स ब्लू'. माझ्या पहिल्या 'ग्रेव्हटाय'च्या कुंडीत तेच निघालं. परत द्यायला गेले तर काउंटरवरच्या मुलाने कुंडी फिरवून बघितली आणि म्हणाला, "निळं आहे ना?"

मी वाकून त्याला पानाचा देठ दाखवायला लागले. मागे रांग वाढली होती.